इटलीत हॉटेल शोधताना : स्वस्त खोली, पण मोक्याच्या जागी

युरोपची ट्रिप ठरली की विमानाचं तिकीट आपण महिनोन्महिने बघतो, आणि हॉटेल मात्र एका संध्याकाळी 'सगळ्यात स्वस्त' लावून उरकून टाकतो. इटलीत हे चांगलंच महागात पडू शकतं. तिथे दोन हॉटेलांच्या भाड्यात दिवसाला वीस-तीस युरोचा फरक असतो, पण लांबच्या हॉटेलात राहिलं तर तेवढेच पैसे बस-ट्रेन-टॅक्सीत जातात, वर रोजचे दोन तास जातात ते वेगळेच.

माझ्या ताईच्या कुटुंबाची इटलीची ट्रिप ठरली तेव्हा हॉटेलं शोधायचं काम माझ्याकडे आलं. ताई, भावजी आणि सोबत आई-बाबा. आईचे गुडघे दुखतात, त्यामुळे 'तीन जिने चढून गेलं की सुंदर खोली आहे' असली हॉटेलं पहिल्या फेरीतच बाद. त्या निमित्ताने बुकिंग डॉट कॉम, गुगल हॉटेल्स, अगोडा, एअरबीएनबी हे सगळं मी बारकाईने वापरून पाहिलं. त्यातलं जे खरंच उपयोगी पडतं तेवढंच इथे सांगतो.

'सेंटरपासून १ किमी' याचा अर्थ काय?

बुकिंग साइटवर हॉटेलच्या नावाखाली सेंटरपासूनचं अंतर लिहिलेलं असतं. हे अंतर बहुतेक वेळा सरळ रेषेत मोजलेलं असतं. मध्ये नदी आहे, टेकडी आहे की रेल्वेचे रूळ, हे त्या आकड्याला माहीत नसतं. याचं सगळ्यात झकास उदाहरण म्हणजे व्हेनिसमधलं ज्युदेक्का बेट. नकाशावर ते सान मार्को चौकाच्या अगदी समोर दिसतं. पण मध्ये रुंद कालवा आहे आणि पूल नाही! प्रत्येक वेळी वापोरेत्तो, म्हणजे तिथली जलबस, पकडावी लागते आणि तिचं ७५ मिनिटांचं तिकीट साडेनऊ युरो आहे. चार माणसं, जाऊन-येऊन, करा हिशोब.

म्हणून मी यादी बघतच नाही, थेट नकाशा उघडतो. आधी गुगल मॅप्सवर जी ठिकाणं बघायची आहेत ती 'सेव्ह' करून ठेवायची. मग हॉटेलचं नाव टाकून तिथून दोन रस्ते काढायचे: एक रेल्वे स्टेशनपासून आणि एक मुख्य ठिकाणापर्यंत. पहिला सामान घेऊन चालायचा असतो, दुसरा रोजचा. दोन्ही चालत पंधरा-वीस मिनिटांत असतील तर ते हॉटेल 'मोक्याचं'. त्यानंतर स्ट्रीट व्ह्यूमध्ये हॉटेलच्या दारासमोर 'उभं' राहून बघायचं. चढ आहे का, फरसबंदी दगडांची आहे का, खाली रात्री उशिरापर्यंत चालणारा बार आहे का, हे दोन मिनिटांत कळतं.

आणखी एक गोष्ट. यादी उघडली की सुरुवातीला जो क्रम दिसतो तो 'स्वस्त ते महाग' नसतो, आणि 'चांगलं ते वाईट' असाही नसतो. हॉटेल साइटला किती कमिशन देतं याचाही त्या क्रमावर परिणाम होऊ शकतो, हे साइट्स स्वतःच बारीक अक्षरात सांगतात. त्यामुळे आधी फिल्टर लावा: रिव्ह्यू स्कोअर ८ च्या वर, मोफत रद्द करण्याची सोय, एसी, लिफ्ट. त्यानंतरच किंमतीप्रमाणे क्रम लावा. रिव्ह्यू वाचताना 'सर्वात नवे' हा पर्याय निवडा आणि त्यात 'नॉइज', 'स्टेअर्स', 'एलिव्हेटर' असे शब्द शोधा. सरासरी ८.६ असलेल्या हॉटेलची लिफ्ट गेल्या महिन्यापासून बंद असेल तर ते त्या सरासरीत दिसत नाही, ताज्या रिव्ह्यूत दिसतं.

रोम

रोममध्ये पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी तेर्मिनी स्टेशनचा परिसर सोयीचा. विमानतळावरून येणारी लिओनार्दो एक्सप्रेस ३२ मिनिटांत इथे पोचते, मेट्रोच्या ए आणि बी या दोन्ही लाइन्स इथेच भेटतात, आणि स्वस्त हॉटेलंही इथे भरपूर. परिसर सुंदर म्हणावा असा नाही, सामान सांभाळावं लागतं, पण रोज सकाळी वेळ वाचतो. त्याला लागूनच मोंती नावाची जुनी वस्ती आहे. तिथून कोलोसियम चालत दहा मिनिटांवर, पण भाडं थोडं चढं. व्हॅटिकन हा मुख्य हेतू असेल तर प्राती बघा, ओत्ताव्यानो किंवा लेपांतो मेट्रो स्टेशनच्या जवळ. हा भाग रुंद रस्त्यांचा आणि शांत आहे, आई-बाबांसोबत जाणाऱ्यांना मी हाच सुचवेन. त्रास्तेवेरे फोटोत छान दिसतं, पण तिथे मेट्रो नाही आणि रात्री गल्ल्यांमध्ये गोंगाट असतो. जेवायला जा, राहायला नको.

एक सापळा लक्षात ठेवा. नावात 'रोमा' असलेली, चार स्टार असलेली आणि तरीही संशय यावा इतकी स्वस्त हॉटेलं दिसतात. नकाशा झूम आउट केला की कळतं, ती शहराला वळसा घालणाऱ्या ग्रांदे राक्कोर्दो या रिंगरोडच्या आसपास किंवा बाहेर आहेत. टूर कंपनीची बस दाराशी उभी असेल तर ठीक. स्वतः फिरणाऱ्यांनी त्या वाटेला जाऊ नये.

व्हेनिस, म्हणजे खरा पेच

आमच्या घरात सगळ्यात जास्त वाद झाला तो इथे. भावजींचं म्हणणं मेस्त्रेमध्ये राहू, अर्ध्या पैशात काम होतं. मेस्त्रे म्हणजे बेटांच्या अलीकडचा, जमिनीवरचा भाग. तिथून व्हेनिसच्या सांता लुचिया स्टेशनला ट्रेनने दहा-बारा मिनिटं लागतात, तिकीट दीड युरोच्या आसपास. हॉटेलं आधुनिक, लिफ्ट असलेली, खोल्या मोठ्या. कागदावर मेस्त्रेच जिंकतं. पण संध्याकाळी दिवसभराची गर्दी ओसरल्यावरचं व्हेनिस बघायचं असेल, तर तिथे मुक्काम हवा, हे ताईचं म्हणणंही खोटं नाही.

माझं मत असं: एकच रात्र असेल तर बेटावर राहा, तीन रात्री असतील तर मेस्त्रेत, आणि तेही स्टेशनपासून चालत पाच मिनिटांच्या आत. 'मेस्त्रे' असं लिहिलेलं पण स्टेशनपासून तीन किलोमीटर लांब असलेलं हॉटेल म्हणजे धड ना इकडे, धड ना तिकडे.

बेटावर राहायचं ठरलं तर स्टेशनच्या बाजूचा कन्नारेज्जो किंवा सांता क्रोचे भाग बघा. कारण आहे पूल! व्हेनिसमधल्या बहुतेक पुलांना पायऱ्या आहेत. बावीस किलोची बॅग उचलून चार पूल ओलांडणं ही काय चीज आहे, ते आईच्या गुडघ्यांना विचारा. म्हणून गुगल मॅप्सवर स्टेशनपासून हॉटेलपर्यंतचा रस्ता झूम करून वाटेतले पूल चक्क मोजा. मी मोजले. एका हॉटेलच्या वाटेवर पाच निघाले, दुसऱ्याच्या वाटेवर एकही नाही. भाड्यात फरक होता रात्रीला अठरा युरो. बाबांनी ते अठरा युरो आनंदाने मंजूर केले.

तिथला पत्ताही आपल्याला चक्रावून टाकतो. व्हेनिसचे सहा विभाग आहेत आणि घरांचे क्रमांक गल्लीप्रमाणे नाही, तर अख्ख्या विभागात सलग जातात. 'कन्नारेज्जो ३०२१' एवढाच पत्ता असू शकतो. तो कोणाला विचारून सापडत नाही, म्हणून हॉटेलकडून अचूक पिन मागवा आणि तो भाग ऑफलाइन मॅपमध्ये डाउनलोड करून ठेवा.

व्हेनिसने २०२४ पासून ठरावीक दिवशी, फक्त दिवसभरासाठी येणाऱ्या पर्यटकांकडून प्रवेशशुल्क घ्यायला सुरुवात केली आहे. व्हेनिस पालिकेच्या हद्दीत मुक्काम असणाऱ्यांना त्यातून सूट आहे, आणि मेस्त्रे या हद्दीतच येतं. पण ही सूट आपोआप मिळत नाही, वेबसाइटवर नोंद करून क्यूआर कोड घ्यावा लागतो. पाडोव्यात राहून व्हेनिसला जाणार असाल तर मात्र तुम्ही 'दिवसभराचे पाहुणे' धरले जाता.

फ्लोरेन्स आणि मिलान

फ्लोरेन्स सोपं आहे. सांता मारिया नोवेल्ला स्टेशनपासून दुओमो चालत दहा मिनिटांवर, त्यामुळे या दोघांच्या मधलं काहीही चालेल. थोडं निवांत हवं असेल तर आर्नो नदीच्या पलीकडचा सांतो स्पिरितो भाग बघा. सर्च करताना एवढं लक्षात ठेवा की रेल्वेच्या साइटवर आणि स्टेशनवर या शहराचं नाव 'फिरेंझे' असतं, व्हेनिसचं 'वेनेत्सिया' आणि मिलानचं 'मिलानो'.

मिलानमध्ये जागेपेक्षा तारीख महत्त्वाची. एप्रिलमध्ये सलोने देल मोबिले हे फर्निचरचं प्रचंड प्रदर्शन भरतं आणि फेब्रुवारी-सप्टेंबरमध्ये फॅशन वीक. त्या दिवसांत साधी खोलीही कैक पटीने महागते. गुगल हॉटेल्समध्ये तारखेच्या चौकटीवर क्लिक केलं की कॅलेंडरमध्ये रोजचा दर दिसतो. तिथे अचानक उंच आकडे दिसले तर समजायचं, शहरात काहीतरी चालू आहे. दोन दिवस पुढे-मागे सरकवून बघा. आपल्या मुलांच्या उन्हाळी सुट्ट्या एप्रिल-मेमध्ये येतात आणि इटलीत त्याच सुमाराला ईस्टर, २५ एप्रिल आणि १ मेच्या सुट्ट्या असतात, हेही डोक्यात ठेवा. त्या मानाने दिवाळीनंतरचा नोव्हेंबर बराच स्वस्त पडतो.

किंमतीत जे दिसत नाही ते

इटलीतल्या बहुतेक पर्यटन-शहरांत दर माणशी, दर रात्री सिटी टॅक्स असतो. तो साधारणपणे बुकिंगच्या रकमेत धरलेला नसतो, हॉटेलातच द्यावा लागतो. रोममध्ये तीन स्टार हॉटेलला ६ युरो, चार स्टारला साडेसात. चार माणसं, चार रात्री, तीन स्टार: ९६ युरो! दहा वर्षांखालील मुलांना रोममध्ये माफी आहे. दोन हॉटेलांची तुलना करताना हा आकडा मिळवूनच करा, कारण कधीकधी त्यामुळे क्रम उलटतो.

साइटवर रुपयांत दिसणारा दर हा सोयीसाठीचा अंदाज असतो. पैसे हॉटेलात द्यायचे असतील तर ते युरोतच कापले जातात आणि आपली बँक त्यावर फॉरेक्स मार्कअप लावते. हॉटेलच्या कार्ड मशीनवर 'रुपयांत द्यायचे की युरोत?' असा प्रश्न आला तर युरो निवडा. रुपये निवडले की दर मशीनवाला ठरवतो. आणि निघण्यापूर्वी बँकेच्या अ‍ॅपमध्ये कार्डचे आंतरराष्ट्रीय व्यवहार चालू केलेत ना, ते बघा.

शेंगेन व्हिसासाठी राहण्याचं बुकिंग दाखवावं लागतं, म्हणून व्हिसा हातात येईपर्यंत मोफत रद्द होणारीच खोली घ्या. त्यावर सगळ्यांची नावं पासपोर्टप्रमाणे हवीत. रद्द करायची मुदत हॉटेलच्या स्थानिक वेळेनुसार असते. इटली आपल्यापेक्षा उन्हाळ्यात साडेतीन आणि हिवाळ्यात साडेचार तास मागे आहे.

ब्रेकफास्टचे दहा-बारा युरो वेगळे लावत असतील तर मी घेत नाही. कोपऱ्यावरच्या बारमध्ये काउंटरशी उभं राहून कॉफी आणि कोर्नेत्तो खाल्लं की काम होतं. टेबलावर बसलात तर दर वाढू शकतो, एवढं सांभाळा.

जागा खरी आहे का, हे तपासण्याची युक्ती

हा भाग नीट वाचा. इटलीत १ जानेवारी २०२५ पासून हॉटेल असो, बी अँड बी असो की भाड्याचा फ्लॅट, प्रत्येकाला सीआयएन नावाचा राष्ट्रीय ओळख क्रमांक बंधनकारक आहे. तो इमारतीच्या बाहेर आणि ऑनलाइन जाहिरातीतही दाखवावा लागतो. क्रमांकाची सुरुवात 'आयटी' या दोन अक्षरांनी होते आणि पुढचे सहा अंक त्या शहराच्या पालिकेचे असतात: रोम ०५८०९१, व्हेनिस ०२७०४२, फ्लोरेन्स ०४८०१७, मिलान ०१५१४६. म्हणजे 'व्हेनिसमध्ये फ्लॅट' म्हणणाऱ्या जाहिरातीतला क्रमांक भलत्याच आकड्यांनी सुरू होत असेल, तर फ्लॅट बहुधा शेजारच्या गावात आहे. इटलीच्या पर्यटन मंत्रालयाच्या बीडीएसआर या साइटवर हा क्रमांक टाकून जागेची नोंद बघता येते. क्रमांकच नसेल तर मी पुढे जातच नाही, फोटो कितीही देखणे असोत.

दुसरा धोका बुकिंग झाल्यानंतरचा. 'तुमचं कार्ड व्हेरिफाय झालं नाही, बारा तासांत या लिंकवर भरा नाहीतर बुकिंग रद्द' असा मेसेज व्हॉट्सअ‍ॅपवर, ईमेलवर, कधी तर बुकिंग अ‍ॅपच्या चॅटमध्येसुद्धा येतो. त्यात तुमचं नाव आणि तारखा बरोबर असतात, म्हणून माणूस फसतो. लिंक उघडू नका. अ‍ॅपमध्ये आपल्या बुकिंगच्या पानावर 'पैसे बाकी' दिसतात का ते बघा आणि शंका असेल तर हॉटेलच्या स्वतःच्या वेबसाइटवरच्या नंबरवर फोन करा.

मात्र पोचल्यावर रिसेप्शनवर सगळ्यांचे पासपोर्ट मागितले तर बिचकू नका. पाहुण्यांची माहिती २४ तासांत पोलिसांना ऑनलाइन कळवणं तिथे कायद्याने बंधनकारक आहे. नोंद झाली की पासपोर्ट लगेच परत मागून घ्या.