अंगठा उठत नाही, दोष कुणाचा?

‘‘डाक्टर, थम लागंना झालाय. बोटाला कायतरी औषध द्या की.’’

जत तालुक्यातल्या एक आजी रक्तदाबाच्या गोळ्या न्यायला ओपीडीत आल्या होत्या. वय सत्तरीच्या पुढे. जाता जाता त्यांनी दोन्ही तळवे माझ्यापुढे धरले. रेशन दुकानातल्या यंत्रावर त्यांचा अंगठा दोन दिवस उमटला नव्हता. घरात एकट्याच असल्याने दुसऱ्या कुणाचा अंगठा लावण्याचीही सोय नव्हती. भिंगातून बोटे पाहिली. रेषा जवळजवळ सपाट झालेल्या आणि आडव्या बारीक भेगा. उमेदीची सारी वर्षे ऊस तोडण्यात गेलेले हात होते ते.

सातारा आणि सांगलीत मिळून पंचवीसहून अधिक वर्षे सरकारी नोकरी करताना बोटांची तक्रार मी अनेकदा ऐकली. पूर्वी ती खाजेची, जळजळीची किंवा भेगांची असे. आता तिच्यात ‘थम’ची भर पडली आहे.

नव्या व्यवस्थेने गरिबांचे भले केले, हे आधी सांगायला हवे. अनुदान थेट बँक खात्यात येते, मधला हात गळतो. ‘एक देश, एक रेशन कार्ड’ योजना 2019 मध्ये सुरू झाली. तिच्यामुळे बीडहून कराड किंवा वाळव्याला तोडीसाठी आलेले कुटुंब आपले धान्य इथल्या दुकानातून उचलू शकते. मात्र त्यासाठी यंत्राला बोट ओळखू यावे लागते. आणि ज्याला या सोयीची सर्वांत जास्त गरज, त्याचीच बोटे सर्वांत आधी झिजतात.

सरकारी पैशासाठी बोटाचा ठसा घेण्याची पद्धत आपल्या देशात जुनीच आहे. विल्यम हर्शेल या इंग्रज अधिकाऱ्याने 1858 मध्ये बंगालमधील जंगीपूर येथे एका करारावर हाताचा ठसा घेतला. पुढे 1877 मध्ये हुगळी येथे त्याने पेन्शन घेणाऱ्यांच्या बोटांचे ठसे घ्यायला सुरुवात केली. मृताच्या नावावर दुसऱ्याने पैसे उचलू नयेत, हा हेतू होता. आधार क्रमांक देशात सर्वप्रथम दिले गेले ते आपल्या महाराष्ट्रात, नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली गावात, 29 सप्टेंबर 2010 रोजी.

रेषा झिजतात कशा? त्या आईच्या पोटातच तयार होतात. गर्भ साधारण अडीच महिन्यांचा झाला की त्यांची घडण सुरू होते आणि सहाव्या महिन्यापर्यंत नक्षी पक्की होते. तिचा साचा त्वचेच्या खालच्या थरात असतो. म्हणून वरवर खरचटले किंवा भाजले, तरी काही आठवड्यांत तीच नक्षी परत उमटते. पण कोयता, विटा, सिमेंट, चुना, धुण्याचा साबण यांचे घर्षण रोजचेच असेल, तर नवी त्वचा येण्याच्या आधीच ती झिजत राहते. हळद काढणाऱ्या आणि गवंड्याच्या हाताखाली राबणाऱ्या बायकांच्या बोटांवर हे स्पष्ट दिसते.

त्यात वयाची भर पडते. तळहाताला तेलग्रंथी नसतात, ओलावा घामातून मिळतो. उतारवयात घाम कमी होतो, त्वचा कोरडी आणि सैल पडते, रेषांची उंची घटते. कोरडे बोट काचेला नीट चिकटत नाही आणि ठसा तुटक येतो. हाताचा इसब, सोरायसिस, कुष्ठरोग यांमुळेही ठसे बिघडतात. स्तनाच्या आणि मोठ्या आतड्याच्या कर्करोगावर दिल्या जाणाऱ्या कॅपेसिटाबिन या गोळ्यांनी काही रुग्णांच्या तळहातांची साल निघते आणि ठसे तात्पुरते नाहीसे होतात. उपचार घेणाऱ्याला हे आधी सांगितलेले बरे.

यावर उपाय आहेत. रोज रात्री हात धुऊन व्हॅसलिन किंवा खोबरेल तेल चोळावे. आठ-पंधरा दिवसांत भेगा भरू लागतात. मात्र दुकानात जाण्याआधी हात साध्या पाण्याने धुऊन पुसावेत, कारण तेलकट बोटही यंत्राला चालत नाही. बोट हलके टेकवावे, जोर दिला की रेषा चेपतात. अंगठाच लावला पाहिजे असे नाही. आधारमध्ये दहाही बोटांची नोंद असते, म्हणून सगळी बोटे लावून पाहावीत. ठसे नेहमीच चुकत असतील, तर आधार केंद्रावर ते नव्याने द्यावेत आणि मोबाईल क्रमांकही जोडून घ्यावा. तो जोडला की ओटीपीचा मार्ग खुला होतो. फोनवर कुणी ओटीपी मागितला, तर तो मात्र सांगू नये. खाज किंवा साल निघणे असेल, तर आधी त्वचेचा उपचार करावा.

आणखी एक गोष्ट माहीत असायला हवी. ठसा जुळला नाही म्हणून कुणाचे धान्य अडवू नये, असे आधार प्राधिकरणाने 24 ऑक्टोबर 2017 च्या परिपत्रकात सांगितले आहे. डोळ्याची बुबुळे, ओटीपी असे पर्याय वापरावेत आणि तेही जमले नाही, तर नोंद करून धान्य द्यावे, असा त्याचा आशय आहे. अंथरुणाला खिळलेल्या आणि वृद्धांसाठी वेगळी व्यवस्था करावी, असेही त्यात आहे. पेन्शनधारकांना हयातीचा दाखला 2021 पासून मोबाईलवर चेहरा दाखवूनही देता येतो.

म्हणजे नियमात दुसरी वाट आहे. ती दुकानाच्या फलकावर ठळक अक्षरांत लिहिलेली हवी. ‘‘थम लागत नाही, उद्या या’’ हे वाक्य बोलणाऱ्याला सोपे असते. मजुरी बुडवून चार किलोमीटर चालत आलेल्या म्हातारीसाठी ते एका दिवसाच्या भाकरीचे असते. शिवाय यंत्राने नाकारलेला माणूस मनातून खजील होतो, आपलेच काहीतरी चुकले असे त्याला वाटते. त्याचे काहीही चुकलेले नसते. त्याने फक्त काम केलेले असते.

आजींना मी मलम दिले आणि सगळी बोटे लावून पाहायला सांगितले. पुढच्या महिन्यात त्या गोळ्यांना आल्या, तेव्हा डाव्या हाताची अनामिका दाखवत म्हणाल्या, ‘‘हे लागलं बघा.’’ मी हसलो. पण ते बोटही झिजणारच आहे. त्या दिवशी दुकानदाराने त्यांना परत न पाठवता नोंदवही उघडावी, एवढेच मागणे आहे.