अमृत खरे, पण पाजायचे कधी?

दरवर्षी १ ते ७ ऑगस्टला स्तनपान सप्ताह साजरा होतो. आरोग्य केंद्रांच्या भिंतींवर पोस्टर लागतात, भाषणे होतात आणि आईचे दूध अमृत असल्याचे बायकांना पुन्हा एकदा सांगितले जाते. ऐकणाऱ्या बाईला त्यात नवे काहीच नसते. अंगावरचे दूध बाळाला चांगले, हे न पटलेली आई शोधूनही क्वचितच सापडेल. तरीही राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) सहा महिन्यांच्या आतल्या बाळांपैकी निव्वळ आईच्या दुधावर असलेली बाळे ६३.७ टक्केच निघाली. म्हणजे साधारण दर तिसऱ्या बाळाच्या तोंडी पाणी, घुटी, गाईचे दूध किंवा डब्यातली पावडर असे काहीतरी गेलेले होते. पटलेली गोष्ट हातून होत नसेल, तर ती पटवत बसण्यात अर्थ नाही. आईचे दूध की पावडर, हा आपण आईच्या पसंतीचा प्रश्न समजतो आणि तिथेच फसतो. त्याचा निकाल बहुधा तिच्या हाती नसलेल्या दोन जागी लागतो: बाळंतपणानंतरचे पहिले दोन-तीन दिवस, आणि ती कामावर परतते तो दिवस.

पहिल्या जागेचा पुरावा याच सर्वेक्षणात आहे. चौथ्या फेरीत (२०१५-१६) दवाखान्यात होणारी बाळंतपणे ७८.९ टक्के होती, ती पाचव्या फेरीत ८८.६ टक्क्यांवर गेली. जन्मल्यापासून तासाभरात छातीशी लावलेल्या बाळांचे प्रमाण मात्र ४१.६ वरून ४१.८ वर आले, म्हणजे जागचे हललेच नाही. पूर्वी आपण दोष द्यायचो तो घरातल्या म्हाताऱ्यांना: त्या चीक पिळून टाकायला लावतात, बाळाला मध चाटवतात. आता दहांतली जवळपास नऊ बाळे डॉक्टर-नर्सच्या डोळ्यांदेखत जन्मतात, तेव्हा हा दोष एकट्या आजीच्या माथी मारता येत नाही. पाचव्या फेरीत खासगी रुग्णालयांतली ४७.४ टक्के बाळंतपणे सिझेरियनने झालेली होती. टाके घातलेली बाई कुशीवर वळू शकत नाही, बाळ वेगळ्या खोलीत असते, आणि रात्रपाळीच्या नर्सला बाळ धरून बसण्यापेक्षा वाटीत पावडर कालवणे सोपे पडते. सिझेरियननंतरही बाळ लवकर पाजता येते. त्यासाठी शेजारी कोणीतरी माहीतगार उभे असावे लागते.

याच काळात ‘दूध पुरत नाही’ हे वाक्य पहिल्यांदा कानावर येते. सुरुवातीला चीक चमचा-दोन चमचेच येतो आणि तेवढाच यायचा असतो; भरपूर दूध उतरायला साधारण दोन ते चार दिवस लागतात. मध्यंतरी बाळ रडले की सगळे घाबरतात आणि वरचे दूध सुरू होते. पोट भरलेले बाळ जास्त वेळ झोपते आणि कमी ओढते. स्तन जितका रिकामा होतो तितके दूध नव्याने तयार होते, त्यामुळे बाळाने ओढणे कमी केले की दूधही कमी बनते. आठवड्याभरात ते खरोखरच पुरेनासे होते आणि सुरुवातीची शंका खरी ठरल्यासारखी वाटते. मग अळीव, शतावरी, डिंकाचे लाडू असे उपाय सुरू होतात. बाईचा खुराक हवाच. पण बाळ वारंवार आणि नीट ओढत नसेल, तर लाडवांनी दूध वाढत नाही.

या शंकेवर मोठा धंदा उभा आहे. हेन्री नेस्ले यांनी १८६७ साली स्वित्झर्लंडमध्ये बालकांसाठी दूध-पिठाचे मिश्रण बाजारात आणले, तेव्हा आईविना बाळांसाठी तो मोठाच आधार होता. शंभर वर्षांनी त्याच उद्योगातल्या कंपन्या आफ्रिका-आशियातल्या प्रसूतिगृहांत फुकट नमुने वाटत होत्या. नमुना संपेपर्यंत आईचे दूध आटलेले असे, आणि डबा परवडेना म्हणून पावडर पातळ केली जाई. १९७४ साली ब्रिटनमधल्या ‘वॉर ऑन वॉन्ट’ संस्थेने यावर पुस्तिका काढली, १९७७ पासून नेस्लेवर बहिष्कार सुरू झाला, आणि १९८१ मध्ये जागतिक आरोग्य सभेने विक्रीची आचारसंहिता मंजूर केली. विरोधी मत एकट्या अमेरिकेचे होते. भारताने १९९२ मध्ये कायदा केला आणि २००३ मध्ये तो कडक केला: दोन वर्षांपर्यंतच्या बाळांच्या अशा अन्नाची जाहिरात नाही, नमुने नाहीत, डब्यावर गुटगुटीत बाळाचे चित्र नाही. कायदा चांगला आहे. पण तो कंपनीचा हात धरतो, नर्सचा हात रिकामा करत नाही.

यावर जाणकारांचा एक आक्षेप असतो: आईच्या दुधाचे गुण फुगवून सांगितले जातात. तो अंशतः खरा आहे. पाजणाऱ्या आणि न पाजणाऱ्या घरांत शिक्षण-पैशांचे इतर फरकही असतात. म्हणूनच १९९६-९७ मधला बेलारूसमधला प्रयोग मोलाचा आहे. तिथे ३१ प्रसूतिगृहे चिठ्ठी टाकावी तशी दोन गटांत विभागली. एका गटातल्या कर्मचाऱ्यांना पाजायला मदत करण्याचे शिक्षण दिले. सतरा हजारांवर बाळांचा पाठपुरावा झाला. पहिल्या वर्षातल्या जुलाबांच्या आजारांचे प्रमाण मदत मिळालेल्या गटात ९.१ टक्के, तर दुसऱ्यात १३.२ टक्के निघाले. लठ्ठपणा मात्र कमी झाला नाही. तेव्हा सगळ्या रोगांवरचा उतारा म्हणून आईच्या दुधाची जाहिरात करू नये, हे मान्य. पण या प्रयोगातला दुसरा आकडा अधिक बोलका आहे. दोन्ही गटांतल्या सर्व आयांनी पाजायला सुरुवात केलेली होती. तिसऱ्या महिन्यात निव्वळ अंगावर पाजणाऱ्या आया शिकवलेल्या गटात ४३.३ टक्के उरल्या, दुसऱ्यात ६.४ टक्के. बायका त्याच देशातल्या, तशाच परिस्थितीतल्या. बदल केला होता तो त्यांच्या भोवतीच्या माणसांत.

दुसरा आक्षेप आयांचा आहे आणि तो रास्त आहे: या प्रचाराने पाजू न शकणारी बाई गुन्हेगार ठरते. केमोथेरपी चालू असलेली आई, दत्तक बाळ, दुधातल्या साखरेतले गॅलॅक्टोज शरीरात वापरू न शकणारे गॅलॅक्टोसिमियाचे बाळ यांना पर्याय लागतोच, आणि स्वच्छ पाणी असलेल्या घरात पावडरवर बाळ चांगले वाढते. अपुऱ्या दिवसांच्या बाळांसाठी आणखी एक वाट आहे: मुंबईच्या शीव रुग्णालयात डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ मध्ये आशियातली पहिली मातृदुग्धपेढी सुरू केली. पावडरचा धोका असतो तो बव्हंशी पाण्यात आणि भांड्यात. पावडर निर्जंतुक नसते, म्हणून उकळलेले पाणी ७० अंशांखाली जाण्याआधी तिच्यात मिसळायचे असते. जिथे हंडाभर पाण्यासाठी रांग लावावी लागते, तिथे हे दिवसातून आठ वेळा कोण करणार? अशा बाईला दोष देण्याऐवजी, गरज असेल तर बाटलीपेक्षा धुवायला सोपे वाटी-चमचा किंवा बोंडले कसे वापरायचे, हे कोणीतरी दाखवून द्यावे.

निकालाची दुसरी जागा कामाची. २०१७ च्या दुरुस्तीने प्रसूतिरजा १२ वरून २६ आठवडे झाली. पन्नास किंवा त्याहून अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणी पाळणाघर आणि दिवसातून चारदा तिथे जाण्याची मुभा आली. पण भारतातल्या बहुसंख्य कष्टकरी बायका असंघटित क्षेत्रात आहेत. बीडहून ऊसतोडीला गेलेली बाई उचल घेतलेल्या ‘कोयत्या’चा, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीचा, अर्धा भाग असते. खाडा झाला की पैसे कापले जातात. तिचे बाळ फडाच्या कडेला झोळीत असते आणि पाजायला थांबणे म्हणजे मोळ्या कमी भरणे. आपण एसटी स्टँडवरच्या बाळाला पाजण्याच्या खोलीला ‘हिरकणी कक्ष’ म्हणतो. तान्ह्या बाळासाठी रायगडाचा कडा उतरलेल्या हिरकणी गवळणीच्या धाडसाचे पोवाडे ठीक आहेत; पण दरवाजे बंद झाले म्हणून तिला कडा उतरावा लागला, हे विसरून चालणार नाही.

म्हणून मागणी साधी असावी. प्रत्येक रुग्णालयाने बाळाला घरी सोडताना ते तेव्हा काय पीत होते, याची कार्डावर नोंद करावी आणि वर्षाचे आकडे सिझेरियनच्या आकड्यांशेजारी जाहीर करावेत. पाजायला बसवणारी एक प्रशिक्षित नर्स प्रत्येक पाळीत असावी आणि तिच्यावर दुसरे काम लादू नये. मजुरी बुडणाऱ्या बाईला सहा महिन्यांची भरपाई मिळावी. पंतप्रधान मातृवंदना योजनेच्या पाच हजार रुपयांत ती होत नाही. हे सगळे उपलब्ध करून दिल्यावरही एखादी आई पावडर निवडेल, तर ती खरोखर तिची निवड असेल. तोवर आईला उपदेश करण्यापेक्षा रुग्णालयाकडे आणि मालकाकडे हिशेब मागणे जास्त उपयोगाचे.