आधी खोली दाखवा

“आधी खोली दाखवा. मोबाइल सगळीकडे फिरवा, दाराआडही.” घटस्फोटाची मध्यस्थी अशी सुरू होते, असं आमच्याच इमारतीतल्या वकीलबाईंनी जिन्यात सांगितलं आणि मी त्यांच्या मागेच लागले. मे २०२०. पुण्यातलं कोर्टाचं नेहमीचं कामकाज ठप्प होतं. मध्यस्थीतलं बोलणं गोपनीय. त्यामुळे दोघांनाही विचारून, नावं न लिहिण्याच्या अटीवर, मला कॅमेऱ्याबाहेर एक स्टूल मिळालं.

झूम फुकटातलं. तेव्हा तिघं जण असले की चाळीस मिनिटांत बंद व्हायचं. बाई तेही वापरून घेतात: “चाळीस मिनिटं आहेत. दहा भांडायला घ्या.”

नवरा स्वतःच्या फ्लॅटमध्ये, पंख्याखाली. बायको माहेरी, दोन खोल्यांत सहा माणसं. म्हणून ती गच्चीवर, पाण्याच्या टाकीला टेकून. खोली दाखवा म्हटल्यावर तिनं आकाश दाखवलं. हे काही केल्या माझ्या डोक्यातून जात नाही.

पोटगीचा आकडा लवकर ठरला. अडलं स्त्रीधनाच्या यादीवर: पाटल्या, तांब्याची भांडी, मिक्सर. प्रत्येक वस्तूला नवऱ्याची नजर उजवीकडे जायची, मग उत्तर यायचं. बाईंनी पुन्हा खोली दाखवायला सांगितली. “नेट स्लो आहे, मॅडम,” म्हणत त्यानं व्हिडिओच बंद केला. कोर्टात बाई सरळ म्हणाल्या असत्या, तुमच्या आईंना बाहेर बसवा. तिथे दार त्यांच्या हातात असतं.

एका बाकावर नवऱ्याच्या नातेवाइकांच्या नजरा झेलत बसावं लागत नाही, एवढा फायदा मान्य. पण २०१७ साली सर्वोच्च न्यायालयानं बहुमतानं सांगितलं होतं, की वैवाहिक वादात समेटाचे प्रयत्न चालू असताना व्हिडिओ कॉन्फरन्सिंग नको; ते फसले आणि दोघांचीही तयारी असली, तरच पुढे त्याचा विचार करावा. कोरोनापुढे ते टिकणं शक्य नव्हतं. मला मात्र त्यातलं शहाणपण त्या स्टुलावर बसून नीट कळलं.

मिक्सरवर बोलणं चालू असतानाच चाळीस मिनिटं संपली. दुसरी लिंक पाठवली. नवरा आला, तिचा डेटा संपला होता. बाईंनी तिला साध्या फोनवर गाठलं आणि पुढची वेळ रात्री साडेदहाची दिली. संध्याकाळी गच्चीवर सगळी बिल्डिंग चालायला येते.