माया कालगणना सांगणारी ड्रेस्डेनची पोथी

जर्मनीतील ड्रेस्डेन शहरात, सॅक्सनीच्या राज्य ग्रंथालयाच्या संग्रहालयात मध्य अमेरिकेतील माया लोकांची एक पोथी जपून ठेवली आहे. झाडाच्या सालीच्या कागदावर रंगवलेली ही घड्यांची पोथी उलगडली तर सुमारे साडेतीन मीटर लांब भरते. सोळाव्या शतकात स्पॅनिश धर्मगुरूंनी मायांचे असंख्य ग्रंथ जाळले. मोजकेच वाचले, त्यांतला हा एक. १७३९ साली तो व्हिएन्नाहून ड्रेस्डेनला आला.

एर्न्स्ट फोर्स्टेमान या ग्रंथपालाने एकोणिसाव्या शतकात याच पोथीवरून माया कालगणना उलगडली. मायांची दोन चक्रे एकाच वेळी चालत. १३ अंक आणि २० दिवसनावे यांच्या जोड्यांतून २६० दिवसांचे धार्मिक चक्र बने. २० दिवसांचे १८ महिने आणि वरचे ५ दिवस मिळून ३६५ दिवसांचे वर्ष होई. आपण तिथी आणि वार जोडून दिवस सांगतो, तसे ते दोन्ही चक्रांतली नावे जोडत. तीच जोडी १८,९८० दिवसांनी, म्हणजे ५२ वर्षांनी पुन्हा येई.

त्याहून दीर्घ काळासाठी इ. स. पूर्व ३११४ पासून एकेक दिवस मोजणारी वेगळी गणना होती. २१ डिसेंबर २०१२ला तिच्यातले १,४४,००० दिवसांचे तेरावे पर्व पूर्ण झाले. त्यावरून उठलेल्या जगबुडीच्या अफवेला मायांच्या लिखाणात आधार नाही.

पोथीतली शुक्राची कोष्टके ५८४ दिवसांच्या फेऱ्यांवर आधारलेली आहेत. आजचे सरासरी मोजमाप ५८३.९२ दिवस आहे. दुर्बीण नसताना साधलेली ही अचूकता पिढ्यान् पिढ्यांच्या निरीक्षणाचे फळ आहे. ग्वाटेमालाच्या डोंगराळ भागातील माया समाज २६० दिवसांचे चक्र आजही पाळतो.