नावेवर बिऱ्हाड थाटायचं तर…

नांदेडजवळच्या विष्णुपुरीच्या जलाशयात पावसाळ्यात पाणी धरणाच्या दरवाज्यांना टेकतं आणि उन्हाळ्यात पार खाली जातं. इथे राहायची नाव सपाट बुडाचीच घ्यावी. पाणी ओसरलं तरी गाळावर कलंडत नाही. नांगराचा दोर खोलीच्या पाच ते सातपट सोडावा.

सर्वांत जपायचं ते स्वयंपाकघरात. एलपीजी हवेपेक्षा जड असतो. गळालेला वायू नावेच्या तळाशी साचून राहतो आणि मग एक ठिणगी पुरते. म्हणून सिलिंडर डेकवर, बंद पेटीत ठेवावा. पेटीच्या तळाशी नावेबाहेर उघडणारं भोक हवं.

शौचालयाची टाकी बंदिस्तच हवी, यात तडजोड नाही. नांदेड शहर हेच पाणी पितं.

दिवे-पंख्यांसाठी सौर पॅनल, १२ व्होल्टची बॅटरी. इंजिन बसवलंत तर २०२१ च्या अंतर्देशीय जलयान कायद्याखाली नोंदणी करावी लागते.

नावेवर महिनोन्‌महिने राहण्याचा मराठी मुलखाजवळचा मोठा दाखला गोव्यात दिवाडी बेटावर बांधलेल्या ५६ फुटी ‘म्हादेई’ या शिडाच्या नौकेचा. नौदलाचे दिलीप दोंदे यांनी तिच्यावर २००९-१० मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. असं करणारे ते पहिले भारतीय. तिच्या बांधणीवरही त्यांनीच जातीने देखरेख केली होती.