अकरावीचं इंग्रजीचं पुस्तक आणि रिसर्चची तयारी

एमएस्सी संपत आली आणि पीएचडीचे विचार सुरू झाले की एक प्रश्न हमखास येतो: "इंग्रजी कच्चं आहे, पेपर वाचता येत नाहीत, कोणता क्लास लावू?" मराठी माध्यमातून आलेल्यांना तो जास्त छळतो. इथे शिरढोणमधून पनवेलच्या कॉलेजात जाणारी मुलंही हेच विचारतात. माझं म्हणणं असं की क्लासचे पैसे भरण्याआधी आपल्याच बोर्डाचं अकरावीचं इंग्रजी युवकभारती पुन्हा उघडा. 2019 साली आलेलं हे पुस्तक बालभारतीच्या साइटवर फुकट मिळतं.

सायन्सच्या मुलांसाठी हा विषय म्हणजे पासिंगपुरता. फिजिक्स, केमिस्ट्री आणि सीईटीतून वेळ उरला तर बघू. पण याच पुस्तकात भाषा आहे, हेन्रिक इब्सेनच्या 'अॅन एनिमी ऑफ द पीपल' या 1882 सालच्या नाटकाचा उतारा आहे, आणि लेखनकौशल्यांमध्ये चित्रपट परीक्षणही आहे. रिसर्चला लागणाऱ्या तीन सवयी इथेच लावून घेता येतात. कशा, ते या एका नाटकावरूनच बघू.

1. भाषा: दावा किती जोराचा?

नाटकातला डॉ. स्टॉकमन हा एका छोट्या गावातल्या स्नानगृहांचा वैद्यकीय अधिकारी. तिथलं पाणी औषधी म्हणून लोक बाहेरगावाहून येतात, त्यावर गावाची कमाई चालते. डॉक्टरला शंका येते. तो पाण्याचे नमुने विद्यापीठात तपासायला पाठवतो आणि रिपोर्ट येतो: पाणी दूषित आहे.

आता ही तीन वाक्यं बघा. "या पाण्यामुळेच लोक आजारी पडले." "हे पाणी वापरणाऱ्यांमध्ये आजार जास्त दिसतो." "आजाराचं कारण हे पाणी असू शकतं." तिन्हींना लागणारा पुरावा वेगळा आहे. इंग्रजी पेपरमध्ये हा फरक 'शोज', 'सजेस्ट्स', 'मे' अशा छोट्या शब्दांवर उभा असतो. यातलं 'मे' तर शाळेत मोडल ऑक्झिलरी म्हणून आपण एका मार्कासाठी पाठ केलेलंच आहे. पेपर वाचताना अवघड शब्दांखाली रेघ मारण्याऐवजी या क्रियापदांखाली मारा. लेखकाला स्वतःच्या निष्कर्षाची किती खात्री आहे, ते लगेच कळतं.

2. साहित्य: हे बोलतंय कोण?

पुढे डॉक्टरचा सख्खा भाऊ, जो गावाचा महापौर आहे, रिपोर्ट दाबायला बघतो. वर्तमानपत्रवाले आधी पाठिंबा देतात, मग खर्चाचा आकडा ऐकून पलटतात. शेवटी जाहीर सभेत डॉक्टर पाण्याचा मुद्दा सोडतो आणि बहुमत कधीच बरोबर नसतं, अशा अर्थाचं भाषण ठोकतो. सभा त्याला लोकांचा शत्रू ठरवते.

उत्तरपत्रिकेत पुष्कळ जण "इब्सेन म्हणतो की बहुमत चुकीचं असतं" असं लिहून मोकळे होतात. ते इब्सेनचं नाही, त्याच्या पात्राचं म्हणणं आहे. लिटरेचर रिव्ह्यूमध्येही हाच घोटाळा होतो. एका पेपरच्या प्रस्तावनेत दुसऱ्याचं मत मांडलेलं असतं आणि आपण ते पेपरच्या लेखकाच्या नावावर खपवतो. त्यामुळे प्रत्येक वाक्यापाशी विचारा: हे कोण बोलतंय?

अजून एक गोष्ट बघा. डॉक्टरचे दावे दोन आहेत. "पाणी दूषित आहे" याला लॅबचा रिपोर्ट आहे. "बहुमत नेहमी चुकतं" याला कसलाच रिपोर्ट नाही. पहिला सिद्ध झाला म्हणून दुसरा आपोआप सिद्ध होत नाही. थीसिसच्या शेवटच्या प्रकरणात, डेटा एवढासा आणि निष्कर्ष देशभराचे, हे होतं ते इथेच.

3. चित्रपट: काय बदललं, आणि का?

सत्यजित राय यांनी 1989 मध्ये याच नाटकावर 'गणशत्रु' हा बंगाली चित्रपट केला. डॉक्टरची भूमिका सौमित्र चॅटर्जींची. स्नानगृहांच्या जागी देऊळ आलं, औषधी पाण्याच्या जागी चरणामृत. गावात कावीळ पसरते, आणि सभेत पाण्याचा विषय बाजूला पडून डॉक्टरच्या धर्मश्रद्धेची उलटतपासणी होते. शेवटही वेगळा: इब्सेनचा डॉक्टर एकटेपणातच आपली ताकद मानतो, रायच्या डॉक्टरला बाहेरून पाठिंब्याच्या घोषणा ऐकू येतात.

सायन्सवाल्यांना हा प्रयोग ओळखीचा वाटेल. कथा तीच, काही व्हेरिएबल बदलले. पण जपून. 'गणशत्रु' बराचसा बंद खोल्यांमध्ये, नाटकासारखा घडतो. यावरून "नाटकाशी प्रामाणिक राहायला रायनी असं केलं" हा निष्कर्ष सहज सुचतो. प्रत्यक्षात 1983 मध्ये त्यांना हृदयविकाराचा झटका आला होता आणि डॉक्टरांच्या सल्ल्यामुळे त्यांना स्टुडिओतच शूटिंग करावं लागलं. पडद्यावर दिसणाऱ्या गोष्टीचं एक कारण पडद्याबाहेर होतं. आपण ज्याला कन्फाउंडिंग म्हणतो ते हेच. दोन गोष्टी एकत्र दिसल्या की तिसरी शोधायची, ही सवय चित्रपटावरही लावता येते.

मग रिसर्चचा प्रश्न कसा काढायचा?

"नाटक आणि चित्रपट यांचा तुलनात्मक अभ्यास" हा विषय झाला, प्रश्न नाही झाला. "सभेच्या प्रसंगात लॅब रिपोर्टबद्दल कोण, किती वेळा बोलतं, आणि चर्चा पाण्यावरून कोणत्या वाक्याला हटते?" हा प्रश्न आहे. याचं उत्तर मोजता येतं, दाखवता येतं आणि चुकीचंही ठरू शकतं. तुमचा विषय पॉलिमर असो की भाताच्या जाती, प्रपोझलमधला प्रश्न या तीन कसोट्यांवर घासून बघा.

आणि हे सगळं नॉर्वे-बंगालचं म्हणून लांबचं समजू नका. तळोज्याच्या कारखान्यांजवळून वाहणाऱ्या कासाडी नदीच्या प्रदूषणाचा प्रश्न राष्ट्रीय हरित लवादापर्यंत गेला. तुमच्यातलं कोणीतरी उद्या अशाच एखाद्या नदीचे नमुने बाटलीत भरेल. तेव्हा रिपोर्ट बरोबर असणं पुरेसं होणार नाही. तो नेमका काय सांगतो आणि काय सांगत नाही, हे सभेतल्या माणसाला समजेल असं मांडावं लागेल. स्टॉकमनला तेवढंच जमलं नाही.

या आठवड्यात एवढं करा: नाटकाचा उतारा वाचा, 'गणशत्रु' सबटायटल लावून बघा, आणि फरकांची यादी करा. प्रत्येक फरकापुढे दोन संभाव्य कारणं लिहा. एकच कारण सुचत असेल, तर तो प्रसंग परत बघा.