स्वादुपिंडाची दुर्मीळ गाठ : निदानाचा मागोवा

स्वादुपिंडात पाचक रस तयार करणाऱ्या पेशींच्या मध्ये-मध्ये संप्रेरके स्रवणाऱ्या पेशींचे पुंजके असतात. पॉल लांगरहान्स यांनी १८६९ मध्ये त्यांचे वर्णन केले. या पेशींसारख्या घडणीची गाठ म्हणजे न्यूरोएंडोक्राइन ट्यूमर. ती नेहमीच्या स्वादुपिंड-कर्करोगापेक्षा विरळ आणि बहुतेकदा संथ असते; यकृतात पसरल्यावरही अनेक रुग्ण वर्षानुवर्षे जगतात. दोन्हींत गल्लत झाली, तर उपचारांची दिशाच चुकते.

अशा गाठी संप्रेरक स्रवू शकतात, याचा पहिला लक्षणीय पुरावा यकृतानेच दिला. अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये वारंवार साखर उतरणाऱ्या एका डॉक्टर-रुग्णाच्या स्वादुपिंडात गाठ सापडली. ती यकृतात पसरली होती. तिथल्या गाठींचा अर्क टोचताच सशांची साखर कोसळली. रसेल वाइल्डर आणि सहकाऱ्यांनी १९२७ मध्ये हे प्रसिद्ध केले. पुढे ॲलन व्हिपल यांनी उपाशीपोटी येणारी लक्षणे, रक्तातील कमी साखर आणि साखर देताच मिळणारा आराम ही त्रिसूत्री मांडली. तरीही असे झटके फीट किंवा मानसिक आजार समजले जाणे थांबले नाही.

मात्र बहुसंख्य गाठी असे कोणतेही संप्रेरक-लक्षण दाखवत नाहीत. रत्नागिरीत काय किंवा मुंबईत काय, त्या अनेकदा सोनोग्राफीत यकृतावरच्या डागांच्या रूपाने प्रथम दिसतात. सीटी स्कॅनमध्ये धमनीतून औषध पोहोचताच हे डाग अनेकदा उजळतात. तो इशारा असतो, निर्णय नव्हे. निर्णय सुईने काढलेल्या तुकड्यावर होतो : सिनॅप्टोफायसिन व क्रोमोग्रॅनिन ही रंजके पेशींचे कूळ सांगतात, तर केआय-६७ वाढीचा वेग. हा आकडा ३ टक्क्यांखाली असेल तर पहिली श्रेणी, २० पर्यंत दुसरी, त्यापुढे तिसरी.

या गाठींच्या पेशींवर बहुधा सोमॅटोस्टॅटिन या संप्रेरकाचे ग्राहक (रिसेप्टर) असतात. १९८० च्या दशकाअखेर रॉटरडॅमच्या संशोधकांनी या ग्राहकांना चिकटणाऱ्या, सोमॅटोस्टॅटिनसारख्या रेणूला किरणोत्सारी खूण जोडली आणि दडलेले डागही दिसू लागले. आज तेच काम गॅलियम-६८ चा डोटाटेट पेट स्कॅन अधिक स्पष्टपणे करतो. गॅलियमचा अर्धायुकाळ जेमतेम ६८ मिनिटांचा. त्यामुळे ही तपासणी मोठ्या केंद्रांपुरती मर्यादित राहते. परळचे रेडिएशन मेडिसिन सेंटर, १९६३ मध्ये सुरू झालेले, त्यांपैकी एक. याच ग्राहकांमार्फत गाठीवर किरणोत्सारी उपचारही करता येतो; त्यासाठीचे ल्युटेशियम-१७७ मुंबईतील ट्रॉम्बेच्या अणुभट्टीत तयार होते.

रत्नागिरी जिल्ह्यात डेरवणच्या वालावलकर रुग्णालयाला वैद्यकीय महाविद्यालयाची जोड आहे, रत्नागिरी शहरातही शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तुकडा इथे काढता येतो. अहवालात नुसते ‘पसरलेला कर्करोग’ असे लिहिले असेल, तर नातेवाइकांनी रंजकांची तपासणी झाली का, हे विचारावे. झाली नसल्यास तुकडा जपून ठेवलेला मेणाचा ब्लॉक मुंबईला नेऊन ती करून घेता येते. त्यासाठी रुग्णाला प्रवास करावा लागत नाही.